ख्रिस्त, कृष्ण आणि व्हॉट्सअ‍ॅप

नाताळ जवळ आला की नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन मेसेज हटकून फिरू लागतात. येशू तरुणपणी लडाख-काश्मिरात येऊन शिकून गेला, हा एक. कृष्णजन्माची गोष्ट बायबलवरून घेतली, हा दुसरा. पाठवणारी माणसे आपलीच, शिकलेली, सज्जन. म्हणूनच गप्प बसवत नाही.

पहिल्या गोष्टीचा उगम ठाऊक आहे. निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली पॅरिसमध्ये पुस्तक काढले. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला येशूचे अज्ञात चरित्र वाचून दाखवले, असा त्याचा दावा होता. मॅक्स म्युलरने त्याच वर्षी त्यावर आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस थेट हेमिसला गेले. असा ग्रंथ मठात नाही, असे तिथल्या प्रमुख लामांनी त्यांना साफ सांगितले. प्रकरण तिथेच संपायला हवे होते. पण मराठीत बाबाराव सावरकरांच्या ‘ख्रिस्तपरिचय’ने १९४६ साली ख्रिस्ताला तमिळ हिंदूच ठरवले, आणि आता मोबाइलवर तेच नव्याने वाचायला मिळते.

दुसऱ्या मेसेजचा धागा मात्र पुण्यापर्यंत येतो. डॉ. रा. गो. भांडारकरांनी वैष्णव आणि शैव पंथांवरच्या १९१३ च्या इंग्रजी ग्रंथात एक तर्क मांडला होता: गोकुळातल्या बाळकृष्णाच्या कथांवर ख्रिस्तकथेची छाया असावी, आणि ती आभीर लोकांबरोबर इकडे आली असावी. पुढच्या अभ्यासकांनी तो फारसा मानला नाही. मलाही तो पटत नाही. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकात, वासुदेवाने कंसाला मारल्याचा उल्लेख आहे. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहन लेखात संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे आणि बहुतेक अभ्यासक तो लेखही ख्रिस्तपूर्व मानतात. पण भांडारकरांचे मोठेपण असे, की महाभाष्यातल्या कृष्णाच्या उल्लेखांवर त्यांनी स्वतःच १८७४ मध्ये लेख लिहिला होता, आणि नाणेघाटाचा लेख तर त्याच १९१३ च्या ग्रंथात दिला आहे. आपला तर्क खोडायला लागणारी सामग्री त्यांनी वाचकाच्या हाती ठेवली. फॉरवर्डमध्ये ना ग्रंथाचे नाव असते, ना लेखकाचे, ना साल. खोडायचे तरी काय?

दुसऱ्याचा देव आपल्याकडून उसना घेतलेला आहे, हे सिद्ध करण्याची हौस दोन्ही मेसेजमध्ये सारखीच आहे. मला ती केविलवाणी वाटते. आळंदीच्या वाटेवर चालणाऱ्याची भक्ती त्याने तसूभर वाढत नाही, आणि रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्याचीही नाही.

आणि जे खरे आहे, ते कोणी पाठवत नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवून ठेवले आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे अनेक इतिहासकार मानतात. अशा मेसेजखाली ‘इंग्रजांनी आणलेला धर्म’ अशी प्रतिक्रिया हमखास येते, तेव्हा मला क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च आठवते. पेशव्यांच्या सैन्यातल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी त्याला जागा दिली, ती १७९२ साली. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढायला अजून पंचवीस वर्षे होती. आजची इमारत १८५२ ची असली, तरी जागा पेशव्यांनी दिलेलीच.

या नाताळात असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्या काकांना किंवा मावशींना आदराने एवढेच विचारा: हे कोणी लिहिले, केव्हा आणि कुठे? उत्तर आले तर मलाही कळवा. आले नाही, तर तो मेसेज तुमच्यापाशीच थांबवा.