भंगणे आणि बदलणे

कलाकृतीची मोडतोड झाली तर ती कला उरते का, हा प्रश्न वर्गात निघाला की आम्हा साहित्याच्या मंडळींचे उत्तर तयार असते: पान फाटले म्हणून कविता फाटत नाही. हे उत्तर कवितेपुरते खरे आहे. तिची संहिता दुसऱ्या प्रतीत शाबूत असते. चित्राला दुसरी प्रत नसते. त्याचा पृष्ठभाग हीच त्याची संहिता.

मार्सेल द्युशाँने १९१५ ते १९२३ या काळात काचेवर साकारलेली 'द लार्ज ग्लास' ही कृती १९२६ साली ब्रुकलिनमध्ये प्रदर्शित झाली. त्यानंतर वाहतुकीत तिच्या काचा तडकल्या. १९३६ मध्ये द्युशाँने तुकडे जुळवले, पण तडे लपवले नाहीत. उलट त्यांचा स्वीकार केला. आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात ती कृती तड्यांसह उभी आहे.

याउलट, ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयातील बार्नेट न्यूमनच्या 'हूज अफ्रेड ऑफ रेड, यलो अँड ब्लू' मालिकेतील तिसऱ्या चित्रावर १९८६ मध्ये एका माणसाने चाकू चालवला. १९९१ मध्ये ते दुरुस्त होऊन परतले, तेव्हा लाल रंगाची खोली हरपल्याची टीका झाली. तपासणीत मूळ लाल रंगावर नव्या रंगाचा थर आढळला. ज्या चित्राचा बहुतांश भाग केवळ लाल आहे, त्यात हा फरक किरकोळ कसा मानायचा?

येथे कोणी म्हणेल, द्युशाँ स्वतः हयात होता, न्यूमन १९७० मध्येच वारला होता. तेव्हा निर्णायक ठरते ती कलावंताची संमती. हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण पुरेसा नाही. कलावंताच्या पश्चातही प्रामाणिक दुरुस्ती शक्य असते, आणि तिचा नियम आपल्याच पाठचिकित्सेत आहे. हस्तलिखितातील अक्षरे झिजली असतील तर संपादक तेथे रिकामी जागा दाखवतो. स्वतःची ओळ कवीच्या नावावर खपवीत नाही.

म्हणून माझ्या मते, भंगल्याने कलाकृतीचे कलापण जात नाही. घाव दिसत असेतोवर प्रेक्षकाला मूळ कोठे संपते हे कळते. निर्दोष दिसणारा परका थर मात्र ही जाणीवच पुसून टाकतो. न्यूमनच्या चित्राचे अधिक नुकसान चाकूने केले की दुरुस्तीने, असे विचारले तर माझे उत्तर 'दुरुस्तीने' असेच राहील.