हा तुकडा फेकण्याचा अधिकार कोणी दिला?

पारनेर तालुक्याच्या कोरडवाहू रानात अनवाणी राबणाऱ्या बाईच्या तळव्यावर काळा डाग उमटतो. कोणी त्याला कुरूप म्हणतो, कोणी म्हणतो बाभळीचा काटा आत मोडला असेल. मग त्यावर चुना आणि धुण्याचा सोडा कालवून थापला जातो, ब्लेडने वरची कातडी तासली जाते, डाग पुन्हा उगवतो, पसरतो, चिघळतो, आणि जांघेत गाठ हाताला लागली की घरातील कर्त्या पुरुषांना दवाखाना आठवतो. तोवर उशीर झालेला असतो.

असा डाग कधी मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, असतो. हा गोऱ्यांचा रोग, अशी सुशिक्षितांचीही समजूत आहे. सावळ्या माणसांत तो विरळा खरा. पण होतो तेव्हा बहुधा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. जगद्विख्यात गायक बॉब मार्ले पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या याच रोगाने १९८१ साली अवघ्या ३६व्या वर्षी गेला. सावळी कातडी हे चिलखत नव्हे.

प्रत्येक काळा डाग कर्करोग नसतो, बहुतेक नसतातच. पण वाढणारा, रंग बदलणारा, वेड्यावाकड्या कडेचा वा रक्ताळणारा डाग निरुपद्रवी आहे की घातक, याचा अखेरचा निवाडा नुसत्या नजरेने होत नाही. जागा बधिर करून तो काढावा लागतो, फॉर्मॅलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, तेथे त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. रोग किती मिलिमीटर खोल गेला, हे १९७० साली विकृतिशास्त्रज्ञ ब्रेस्लो यांनी दाखविलेले मापही त्याच तुकड्यातून निघते आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात. ‘लोखंड लागले की रोग पसरतो’ ही भीती निराधार आहे. पसरतो तो दिरंगाईने!

आणि ढोंग पाहा. लग्न ठरलेल्या मुलीच्या गालावरचा तीळ घालविण्यासाठी पुण्याला धावणारे घर आजीच्या पायाकडे ढुंकून पाहत नाही. तो तीळ लेझरने जाळणारा तपासणीसाठी कणही मागे ठेवीत नाही. आणि पदवीधर डॉक्टर संशयास्पद गाठ कापून, चार टाके घालून, कापलेला तुकडा बादलीत टाकतो. तो तुकडा म्हणजे रुग्णाच्या आयुष्याचा पुरावा होय. पुरावा नष्ट करणे हा गुन्हाच!

क्षयरुग्णाची थुंकी गावातून तपासणीला जाऊ शकते, तर औषधाच्या बाटलीत मावणारा मांसाचा कण का जाऊ नये? ज्या पारनेरचे रस्ते सेनापती बापटांनी स्वतः झाडू घेऊन झाडले, तेथे ओंगळ पायाला हात लावण्याची कोणाला लाज वाटावी? शासनाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपर्यंत तुकडा नेण्याची आणि अहवाल रुग्णाच्या हाती पोहोचविण्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी. आणि पारनेरकरांनो, आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळवे दिव्याखाली धरून पाहा. डाग संशयास्पद दिसला तर डॉक्टरांकडे न्या, आणि तो कापला गेला तर तपासणीचा कागद हाती पडेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नका.