अभिजात प्रणयकादंबरी कोणासाठी?

सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले आणि घराघरांत कपाटे उभी राहिली. परंतु पुस्तक हाताशी येणे आणि ते वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. याच जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने हजारो प्रौढांना अक्षरओळख करून दिली. मात्र अक्षरओळखीनंतर गोडीने वाचावे असे काही मिळाले नाही, तर ती ओळख पुसट होत जाते. ही गोडी लावण्याचे सामर्थ्य प्रणयकथेइतके क्वचितच कशात असेल.

सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’चे उदाहरण घ्यावे. तिची अलंकृत, संस्कृतप्रचुर भाषा नवसाक्षराला अडवते. उलट, वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या कथनातील वारणाकाठची बोली शहरातील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला अडवते. म्हणजे अडचण वाचकाच्या बुद्धीची नसून अंतराची आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी आहे.

अभिजात कृती सोपी करणे म्हणजे तिची मोडतोड, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. खांडेकरांचे चिंतन वगळून केवळ कथानक ठेवले, तर हाती सांगाडाच उरेल. पण ‘ययाती’ हीच मुळी महाभारतातील उपाख्यानाची नवी मांडणी आहे, हे विसरता कामा नये. शिवाय ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तीत आपापली कहाणी स्वतःच सांगतात. एकट्या शर्मिष्ठेचे निवेदन, मूळ शब्द तसेच ठेवून, मोठ्या टाइपात आणि पानाच्या तळाशी अर्थ देऊन वेगळे छापता येईल. संक्षेप करायचाच तर तो संक्षेप असल्याचे मुखपृष्ठावर स्पष्ट लिहावे.

प्रश्न उरतो खर्चाचा. अशा आवृत्तीचा खप अनिश्चित, म्हणून एकटा प्रकाशक धजत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान मिळणाऱ्या दोन्ही जिल्ह्यांतील ग्रंथालयांनी एकत्रितपणे ठराविक प्रतींची आगाऊ मागणी नोंदविली, तर ही जोखीम वाटली जाईल आणि किंमतही उतरेल.

यात दिरंगाई परवडणारी नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, खांडेकर १९७६ साली. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील हक्क अनुक्रमे २०२९ आणि २०३६ अखेर संपतील. तोवर हक्कदारांची संमती घेऊन चांगल्या सुलभ आवृत्त्यांचा पायंडा पाडता येईल. त्यानंतर कोणीही काहीही कापून छापण्यास मोकळा होईल, आणि बाजारात स्वस्त व निकृष्ट माल पुढे सरसावतो तो चांगल्याची जागा मोकळी असली म्हणजेच.

सुलभ आवृत्ती ही जिन्याची पायरी आहे. तिच्या शेजारी, त्याच कपाटात, मूळ कादंबरी असलीच पाहिजे. अन्यथा वाचक पायरीवरच बसून राहील, आणि त्याचा दोष वाचकाकडे नसेल.