स्पीकरमागचा फोम काढा!

घरात नवे स्पीकर आले, की हौशी मंडळी त्यांच्या मागच्या भिंतीवर फोमचे तुकडे चिकटवतात. कोणी अंड्यांचे ट्रेसुद्धा लावतात. (ते अंड्यांसाठीच बरे, पातळ पुठ्ठा ध्वनी तो काय शोषणार?) आमच्या मते हा सारा खर्च चुकीच्या भिंतीवर होतो. कारण तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातच सापडेल.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे १०० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी ३.४ मीटर, तर ३४०० हर्ट्झच्या तार स्वराची अवघी १० सेंटिमीटर. लांब तरंग पेटीला वळसा घालून मागे जातात. आखूड तरंग मुख्यतः समोरच जातात. आता पाहा, मागच्या भिंतीवर पोचतो तो बहुतांशी खर्ज. त्याला ३ सेंटिमीटरचा फोम काय अडवणार? आणि फोम जे शोषू शकतो, ते तार स्वर तिकडे फारसे फिरकतच नाहीत!

मागे गेलेला खर्ज त्रास देतो, हे मात्र खरे. स्पीकर भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल, तर १०० हर्ट्झचा तरंग जाऊन-येऊन १.७ मीटर, म्हणजे नेमकी अर्धी तरंगलांबी चालतो. परतताना तो मूळ तरंगाच्या विरुद्ध पडतो आणि तो स्वर दबतो. यावर उपाय पेटी पुढेमागे सरकवून ऐकत राहण्याचा. त्याला पैसे पडत नाहीत.

मग शोषक लावायचा कोठे? बाजूच्या भिंतींवर. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि मित्राला भिंतीला टेकवून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला, की तेथे खूण करा. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. तेथूनच ध्वनीही उसळून तुमच्या कानांवर येतो. त्या खुणेपाशी जुनी कापसाची गादी उभी करा, भिंतीपासून चार बोटे सोडून. भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, म्हणून ही फट. गायक दोन स्पीकरच्या मध्ये कोठे उभा आहे, ते अधिक स्पष्ट कळू लागेल.

गादीला हसू नका. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृह इतके घुमे, की शब्द कळत नसे. १८९५ साली हे काम वॉलेस सॅबिन यांच्याकडे आले. त्यांनी सँडर्स नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या तेथे आणल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती घटते, ते मोजले. तुमचा वर्ग घुमत असेल, तर शिक्षकांना विचारून हे करून पाहाच: रिकाम्या वर्गात एक टाळी, मग चार गाद्या आणून दुसरी.