जाकीर, झाकीर आणि नावे जुळवणारे यंत्र

एआयचा विषय निघाला की आपल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाई, आमच्या नोकऱ्या राहणार का?" प्रश्न रास्त आहे. मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, त्याची धग मलाही लागते. पण नोकरी जाण्याआधी ती मिळावी लागते. रेशन, शिष्यवृत्ती, कर्ज हेही आधी मिळावे लागते. ते कोणाला द्यायचे हे ठरवण्याच्या कामात संगणक शिरून बराच काळ झाला आणि तिथे तो सगळ्यात आधी आपले नाव वाचतो.

तेलंगणात काय घडले ते पाहा. तिथल्या सरकारने 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा उभी केली. वेगवेगळ्या खात्यांकडच्या नोंदी एकत्र आणायच्या, कोणती नोंद कोणत्या माणसाची हे सॉफ्टवेअरने ठरवायचे आणि गाडी-बंगला असूनही गरिबांच्या योजना घेणारे शोधून काढायचे, अशी कल्पना. कल्पना वाईट नाही. जानेवारी २०२४ मध्ये अल जझीराच्या शोधवृत्तात एका विधवेची हकिकत आली. तिचा नवरा रिक्षा ओढायचा. यंत्रणेने त्याला मोटारीचा मालक ठरवले, कारण त्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेल्या दुसऱ्याच माणसाकडे मोटार होती. घराचे रेशन बंद झाले. नवरा कर्करोगाने गेला आणि बाई 'आमच्याकडे गाडी नाही' हे सिद्ध करत वर्षानुवर्षे हेलपाटे मारत राहिली. असलेल्या गाडीचे कागद दाखवता येतात, नसलेल्या गाडीचे कुठून आणायचे?

सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तेलंगणात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला. त्यातली बरीच कार्डे योग्य कारणाने रद्द झाली असतीलही. पण आधी कार्ड गेले आणि चौकशी मागून आली, तीही कोर्टाने सांगितल्यावर. पत्रकारांनी माहिती अधिकारात यंत्रणेचे सूत्र मागितले, तेही नाकारले गेले.

नावे जुळवणारे सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिले आहे, म्हणून आतले थोडे सांगतो. या धंद्यात 'साउंडेक्स' नावाची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेत १९१८ साली तिचे पेटंट निघाले आणि इंग्रजी आडनावांसाठी ती बनली. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. या हिशोबात 'सय्यद' आणि 'सादिया' यांचा कोड एकच येतो. 'क्यू'ने लिहिलेला कादिर आणि 'के'ने लिहिलेला कादिर मात्र दोन वेगळी माणसे ठरतात, कारण पहिले अक्षर बदलले! आजच्या पद्धती पुष्कळ पुढे गेल्या आहेत, पण शेवटी त्याही एक गुण काढतात: ही दोन नावे इतकी टक्के सारखी. मग कोणीतरी एक रेघ ओढतो. रेघेच्या वर गेले तर एकच माणूस, खाली राहिले तर दोन. ही रेघ फार मोठ्या बैठकीत ठरते असे समजू नका. बहुतेकदा माझ्यासारखा एखादा इंजिनिअर संध्याकाळी घरी जायच्या घाईत ती ओढतो.

आपली नावे या गणितात दोन्ही बाजूंनी मार खातात. एक तर शेख, सय्यद, पठाण, खान, मोहम्मद, अब्दुल हे मोजके शब्द लाखो लोकांत वाटलेले आहेत. 'शेख अब्दुल' दोन यादींत सापडला म्हणून तो एकच माणूस असेल याची खात्री फार थोडी असते. 'तुंगेकर' सापडला तर ती कितीतरी जास्त. दुर्मीळ नाव जुळले तर वजन जास्त, सर्रास आढळणारे जुळले तर कमी, हे गणित कॅनडाच्या फेलेगी आणि संटर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ सालीच मांडून ठेवले आहे. म्हणजे विद्या आहे. ती वापरायची तसदी कोण घेतो, एवढाच प्रश्न.

दुसरी बाजू उलटी: एकाच माणसाचे दोन होतात. मराठी शाळेत गुरुजींनी 'जाकीर' लिहिले, दाखल्यावरून इंग्रजीत ते 'जे'ने उतरले, पासपोर्टवर अब्बांनी 'झेड' लावला. आधारवर 'मोहम्मद' पूर्ण आहे, पॅनवर 'मोहद'. अम्मीच्या रेशनकार्डावर 'हसीना बी', बँकेत नुसते 'हसीना', मतदार यादीत लग्नाआधीचे नाव. महाराष्ट्रात आपण आडनाव आधी लिहितो आणि फॉर्म ते शेवटी मागतो. माझ्या स्वतःच्या नावाची तीन स्पेलिंगे सरकारदरबारी नांदत आहेत.

यावर मोहल्ल्यात नावदुरुस्तीची शिबिरे होतात. चांगले काम आहे, करत राहू. पण तेवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. त्या रिक्षावाल्याने सगळी कागदपत्रे अगदी नीट करून ठेवली असती तरी त्याच्यासारख्या नावाच्या माणसाची मोटार त्याच्याच दारात येऊन उभी राहिली असती. आपण आपले नाव दुरुस्त करू शकतो, दुसऱ्याचे नाही.

नोकरीच्या अर्जांतही हेच नाव आपल्या पुढे चालते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक अभ्यास मांडला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी ठेवली. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत मुस्लिम आणि दलित नावांना बोलावणे येण्याची शक्यता बरीच कमी निघाली. तो निवाडा माणसांचा होता. आता अशाच वर्षांतल्या निवडी दाखवून यंत्राला 'चांगला उमेदवार' शिकवला तर ते काय शिकेल? ॲमेझॉनने असे एक साधन बनवले होते. ते बायकांच्या अर्जांना मागे टाकू लागले म्हणून कंपनीने ते सोडून दिले, हे २०१८ मध्ये रॉयटर्सने उघड केले.

हे सुधारत नाही असे नाही. २०२१ मध्ये स्टॅनफर्डचे अबूबकर अबीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीटी-३ या मॉडेलला दोन मुसलमान कुठेतरी आत शिरतात, एवढेच अर्धे वाक्य दिले. इंग्रजीत विनोद असे सुरू होतात. शंभरपैकी ६६ वेळा यंत्राने पुढे हिंसाचार रचला. हा आकडा जगभर गेला आणि पूर्वग्रह मोजणे हा मॉडेल बनवणाऱ्यांच्या कामाचा भाग होण्यात अशा अभ्यासांचा वाटा आहे. कोणीतरी बसून शंभर वेळा तपासले, म्हणून हे कळले. (हेच अबीद 'ग्रेडिओ' बनवणाऱ्यांपैकी एक. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्यापैकी कित्येकांनी ते वापरले असेल.) मराठी आणि उर्दू नावांवर असे तपासणारे हात हवे आहेत. कॉम्प्युटरला असलेल्या आपल्या मुला-मुलींना शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही.

आता आपल्या राज्याकडे येऊ. 'लाडकी बहीण' योजनेत विविध खात्यांची माहिती ताडून सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा हप्ता जून २०२५ पासून थांबवल्याचे सरकारनेच सांगितले. त्यात १४ हजारांहून अधिक पुरुष निघाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ताडणी नको असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पात्र ठरणाऱ्यांचा हप्ता फेरतपासणीनंतर सुरू करू, असेही सरकार म्हणाले. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आधी नोटीस, मग कारण, मग म्हणणे मांडायची मुदत, आणि त्यानंतर लाभ थांबवणे. हे सगळ्याच गरिबांसाठी मागायचे आहे. शिंदे, पवार, जाधव ही नावेही काही कमी नाहीत.

युरोपात केवळ यंत्राने घेतलेला मोठा निर्णय माणसाकडून तपासून घेण्याचा हक्क २०१८ पासून कायद्यात आहे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तो नाही. निर्णयासाठी वापरलेली माहिती अचूक आणि पूर्ण असावी एवढे त्यात आहे, आणि सरकारला सवलती भरपूर आहेत. पण माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(घ) आपल्या हातात आहे: प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. 'सिस्टममध्ये तसं दाखवतंय' हे कारण होत नाही. माझे नाव कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीशी जुळवले, ती जुळणी कोणत्या अधिकाऱ्याने तपासली आणि कोणत्या तारखेला, एवढे तीन प्रश्न पुरतात. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, फी १० रुपये.

अर्जाचा नमुना पुढच्या अंकात दोन्ही भाषांत देत आहोत. तोवर ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांनी लिहून ठेवावे: कोणत्या महिन्यापासून लाभ बंद झाला, नाव कोणत्या स्पेलिंगने नोंदले होते, आणि खिडकीवर कोणी काय सांगितले.