डाव्या हाताची साक्ष

अपस्मार आवरण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूचे गोलार्ध जोडणारा मज्जातंतूंचा सेतू छेदला गेला. अशांवरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल मिळाले. त्यांचे शिष्य मायकेल गॅझानिगा यांचा सत्तरच्या दशकातील एक प्रयोग इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. रुग्णाच्या उजव्या गोलार्धाला बर्फाचे दृश्य दाखवले, तर बोलणाऱ्या डाव्याला कोंबडीचा पाय. उजव्या गोलार्धाच्या ताब्यातील डाव्या हाताने फावड्याचे चित्र निवडले. कारण विचारताच उत्तर आले, की खुराडे साफ करायला फावडे लागते! बर्फ त्या बोलक्या गोलार्धाने पाहिलाच नव्हता. तरी तो अडखळला नाही, आणि (हेच महत्त्वाचे) खोटेही बोलत नव्हता. आत्मचरित्रकाराचा प्रामाणिकपणा सिद्ध झाला, की त्याने सांगितलेली कारणेही आपण स्वीकारतो. मी आता कृती टिपून घेते. कारणापुढे प्रश्नचिन्ह काढते.