लाकडासारखा, पण लाकूड नव्हे

वनस्पतिशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत बांबूला ‘वुडी ग्रास’ म्हणतात, म्हणजे लाकडासारखे टणक गवत. त्यातला ‘सारखे’ विसरल्याची किंमत आपल्याकडच्या जंगलातल्या माणसांनी अनेक पिढ्या मोजली आहे.

बांबू गहू-ज्वारीच्या कुळातला, उसाचा भाऊबंद. खोडाची जाडी वर्षागणिक वाढवणारा थर त्याच्यात नसतो. म्हणून सागाच्या ओंडक्यात दिसतात तशी वर्तुळे बांबूत सापडत नाहीत. कोंब जेवढा जाड निघतो, तेवढीच जाड काठी शेवटपर्यंत राहते. पावसाळ्यात निघालेला कोंब काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि पुढची दोन-तीन वर्षे नुसता आतून टणक होत राहतो. हा टणकपणा येतो लिग्निनमुळे. लाकूडही त्यानेच टणक होते. साम्य आहे ते इथे.

वागणे मात्र गवताचे. पक्व काठी कापली तरी जमिनीखालचा कंद जिवंत राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा कोंब फुटतात. उलट जुन्या काठ्या काढल्याच नाहीत, तर बेट दाटते आणि नव्या कोंबांना जागा उरत नाही. कोवळी काठी राखावी, जून झालेली घ्यावी, हे सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला कोणी शिकवावे लागत नाही. विदर्भात कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी करणाऱ्या घरांनाही बांबू म्हणजे काय ते पक्के ठाऊक आहे.

कायद्याने मात्र त्याला झाड ठरवले. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात वृक्षाच्या व्याख्येत ताड, वेत यांच्या जोडीने बांबूही बसवला गेला. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला आणि वाहून न्यायला शेतकऱ्याला अनेक राज्यांत परवाना काढावा लागे. जंगलातल्या बांबूवर तर गावाचा शब्दच चालत नसे. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला, तरी कागदावरचा हक्क हाती यायला झगडावे लागले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते एप्रिल 2011 मध्ये. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. वृक्षाच्या व्याख्येतून बांबू गेला तो त्याहून उशिरा, नोव्हेंबर 2017 च्या अध्यादेशाने, आणि त्याचा उपयोग वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरताच झाला.

मेंढ्याने जे मिळवले, त्याचे मोल मला फार मोठे वाटते. आपल्या जंगलातला बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा आणि कोणाला विकायचा, हे तिथे ग्रामसभा ठरवू लागली.

पण एक माणूस अजून या हिशेबात आलेला नाही. गावोगावच्या बुरुडाच्या हाती पिढीजात कसब आहे, जंगल नाही. काठी त्याला विकतच घ्यावी लागते. ज्या ग्रामसभांकडे आज बांबू आहे, त्यांनी दरवर्षीच्या तोडीतला ठरावीक वाटा परिसरातल्या बुरूड कुटुंबांसाठी रास्त भावात राखून ठेवावा. त्यासाठी दिल्लीच्या अध्यादेशाची वाट पाहायला नको. ग्रामसभेचा एक ठराव पुरे.